चिठ्ठी पाहिली

त्या पौषात शेवगावावर जी थंडी उतरली, तिला नाव द्यायला म्हाताऱ्या माणसांकडेही शब्द नव्हता. ‘कडाका’ म्हणायचं आणि थांबायचं. हरभऱ्याचे शेंडे करपले, परसातल्या पपया उकडल्यासारख्या माना टाकून उभ्या राहिल्या, आणि सोमवारी सकाळी नृसिंहराव वकिलांच्या विहिरीजवळच्या दगडी डोणीत पाण्यावर पापुद्रा धरला. घरकाम करणारी चांगुणा तो काचेसारखा तुकडा तळहातावर घेऊन घरभर दाखवत फिरली. पडवीतल्या कचेरीत पोचेपर्यंत तिच्या हातात नुसतं पाणी उरलं.

“गेलं बघा, अण्णा. तुमच्या नशिबातच न्हाई.”

अण्णा म्हणजे यज्ञेश्वर, वकिलांचा कारकून. कोर्टात त्याला कारकून म्हणत, वकील नावाने हाक मारत, आणि बाकी सगळे अण्णा म्हणत. चांगुणा हसत आत गेली. यज्ञेश्वरचा हात मात्र लिहिता लिहिता थांबला. त्याला पुस्तक आठवलं होतं.

हे पुस्तक वकिलांच्या मोटारीबरोबर आलेलं. मोटार जुनी, हुडाची, कुणा साहेबाने जाताना विकलेली. पुस्तक इंग्रजी, पानापानावर तेलाचे डाग. वकिलांनी ते कधी उघडलं नाही, आणि ड्रायव्हर गहिनीनाथ बाळबोध तिसरीपर्यंत शिकलेला, त्याला इंग्रजी कुठून येणार? यज्ञेश्वरने मात्र ते तीन वर्षांत चारदा वाचलं होतं. त्याला मोटार चालवता येत नव्हती. आत बसलं तरी मळमळायचं. पण छापलेलं काही समोर असलं की त्याच्याने राहवत नसे.

“अण्णा, तुमी वाचा, मी हाकतो,” गहिनीनाथ म्हणे. “दोघं मिळून एक डायवर हाय आपन.”

यज्ञेश्वर हसून घेई. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याला वाटे, खरंच, पन्नाशी आली, आपलं वाचलेलं कधी कुणाच्या उपयोगी पडलं आहे का?

त्या पुस्तकात एक परिच्छेद होता. अतिशय थंडीच्या मुलखात रात्री मोटारीच्या जाळीतलं, म्हणजे रेडिएटरमधलं, पाणी काढून ठेवावं. पाणी गोठलं की फुगतं आणि जाळी फुटते. त्याखाली यज्ञेश्वरने कधीतरी गंमत म्हणून पेन्सिलीने रेघ ओढली होती. शेवगावात आणि बर्फ!

आणि नेमकी मंगळवारी पहाटे मोटार निघायलाच हवी होती.

वकिलांना नगरच्या कोर्टात तारीख होती, पण तारखेचं काय, ती पुढे ढकलता येते. खरं जायचं होतं गोजरबाईला, गहिनीनाथच्या आईला. तिचा धाकटा मुलगा सहादेव दोन वर्षांपूर्वी तिला न विचारता पलटणीत भरती झाला. पाया पडायला आला तेव्हा ती दळत होती. जात्याचा खुंटा न सोडता म्हणाली, “जातोस तर जा. पुन्यांदा तोंड दावू नगंस.” तो गेला. त्याची पत्रं येत, ती यज्ञेश्वर वाचून दाखवी. प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘आईचा राग गेला का ते कळवणे’ असं असे, आणि प्रत्येक वेळी गोजरबाई “गेला म्हनून लिवा” असं सांगे. पण तिचं समाधान होत नसे.

“कागदावर काय, कुनीबी लिवतं,” ती म्हणे. “तोंडानं बोललेलं तोंडानंच माघारी घ्यावं लागतं, अण्णा.”

शनिवारी रजेवर आलेला एक शिपाई हळूच निरोप सांगून गेला. सहादेवची पलटण ब्रह्मदेशाकडे निघाली आहे. मंगळवारी सकाळी साडेनऊला त्यांची गाडी नगर स्टेशनात पाणी घ्यायला थांबेल. अर्धा तास. फार बोभाटा करू नका.

वकील तोंडाने फटकळ, पण मनाने वाईट नव्हते. “म्हातारीला घेऊन ये,” ते गहिनीनाथला म्हणाले. “सहाला निघू. लढाईपायी पेट्रोलची चणचण आहे खरी, पण तेवढं आहे टाकीत.”

सोमवारी दिवेलागणीला गहिनीनाथने जाळीत तोंडोतोंड पाणी भरलं, टायरांना लाथा घालून पाहिल्या आणि आईला आणायला बैलगाडी जुंपून वस्तीवर निघून गेला. पहाटे चारला परत येणार होता.

तो गेल्यावर यज्ञेश्वर दफ्तर बांधून बाहेर आला. सदऱ्यावर सदरा, त्यावर कोट, कानांभोवती मफलर, तरी दातांवर दात वाजत होते. पत्र्याच्या छपराखाली मोटार उभी होती. तिच्यासमोर तो बराच वेळ उभा राहिला. जाळी फुटली तर? गोजरबाईने काय करायचं? आणि हे असं काही होऊ शकतं हे कळणारा अख्ख्या शेवगावात आज तो एकटाच होता. वकिलांना विचारावं तर ते म्हणणार, ‘तुला काय कळतं रे मोटारीतलं?’ आणि त्यावर काय बोलायचं ते यज्ञेश्वरला सुचलं नसतं. म्हणून त्याने विचारलंच नाही.

पुस्तकात चित्र होतं. तो गुडघ्यांवर बसला, जाळीखाली हात घातला, तोटी सापडली. पाणी चुळचुळ करत बादलीत उतरलं. ते त्याने लिंबाच्या आळ्यात ओतलं. मग आठवणीने तोटी घट्ट बंद केली, कारण ती उघडी राहिली तर सकाळी भरलेलं पाणी वाहून जाईल. एवढीही काळजी त्याने घेतली.

राहिली चिठ्ठी. दफ्तरातून कागदाचा तुकडा काढला. बोटं लाकडासारखी झाली होती, पण तीस वर्षांचा सराव. पेन्सिल न उचलता एका दमात तीन ओळी लिहून झाल्या. ‘मोटारीतील पाणी काढून ठेविले आहे. नवे भरल्याखेरीज सुरू करू नये. थंडीने जाळी फुटू नये म्हणोन केले.’ खाली नुसता ‘य’. चिठ्ठी त्याने स्टिअरिंगच्या चाकात खोचली, वाऱ्याने उडू नये म्हणून दुमडून पुन्हा खोचली.

घरी जाताना, खोटं कशाला बोला, त्याला थोडं बरं वाटत होतं.

पहाटे साडेचारला तो परतला तेव्हा आभाळात अर्धा चंद्र होता आणि वकिलांच्या अंगणात चुलाण पेटलं होतं. चुलाणापाशी गोजरबाई घोंगडीत स्वतःला गुंडाळून बसली होती. मांडीवर गाठोडं. त्यात बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, संक्रांतीच्या तिळाच्या वड्या. आणखी एक नवी घोंगडी घडी करून शेजारी ठेवली होती. यज्ञेश्वरची नजर डोणीकडे गेली. आज पाण्यावर पापुद्रा नव्हता. त्याला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

छपराखाली खाकी कोटातला गहिनीनाथ मोटारीच्या पुढ्यात वाकला होता. हँडल घालून फिरवायला जाई, आणि मोटार आजारी म्हशीसारखी एकदा हुंकारून गप्प होई.

“काय म्हणते रे?”

“काय म्हनायचंय, अण्णा. आईल थिजलंया. बरनीत तूप आळावं तसं. हँडलच फिरंना.”

यज्ञेश्वरने चाकाकडे पाहिलं. चिठ्ठी तिथे नव्हती.

“चिठ्ठी पाहिलीस ना?”

“पायली की. खिशात हाय.” गहिनीनाथने कोटाच्या वरच्या खिशावर थाप मारली आणि पुन्हा हँडलला भिडला.

यज्ञेश्वरचा जीव भांड्यात पडला. त्याने कंदील उचलून धरला.

त्या पहाटे मोटारीचे जेवढे लाड झाले तेवढे कुणा माणसाचे होत नसतील. गहिनीनाथने चारही प्लग काढून चुलाणाच्या निखाऱ्यांवर भाजले आणि फडक्यात धरून, हात पोळवून घेत पुन्हा बसवले. घमेल्यात निखारे घालून ते इंजिनाखाली सरकवलं. वकील दारातून ओरडले, “अरे, पेटवशील एखादे वेळी!” चांगुणा पदराआडून हसत होती.

“मोटार न्हाई, बाळंतीन हाय. खाली शेगडी, वर धुरी. डिंकाचं लाडू तेवढं ऱ्हायलं.”

“लाडू तू खा. आदी तापलेलं पानी आन तपेलंभर.”

तिने पाणी आणलं. गहिनीनाथ बॉनेटच्या पलीकडच्या अंगाला होता. उघडलेल्या झाकणामागे त्याने तपेलं वाकवलं, आणि कंदिलाच्या उजेडात वाफेचा मोठा लोट वर आला. भरलं, यज्ञेश्वर मनात म्हणाला. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे झालं. तेवढ्या थंडीतही त्याला छातीत ऊब वाटली.

हँडल आता जड का होईना, फिरू लागलं. एकदा हँडलनेच उलटा झटका दिला आणि गहिनीनाथ मनगट धरून खाली बसला. गोजरबाई उठून आली, तिने मनगट चोळलं. सव्वासहा झाले. वकील कानटोपी घालून, घड्याळ हातात धरून येरझाऱ्या घालू लागले.

“ढकला,” गहिनीनाथ शेवटी म्हणाला. “मारुतीपुढच्या उताराला लावू.”

वकिलांनी खांदा लावला, यज्ञेश्वरने लावला, चांगुणाने लावला. गोजरबाईही गाठोडं काखेत मारून मागे आली.

“आये, तू बस की आत.”

“बसून काय करू? माजंच तर काम हाय.”

उताराला मोटार दोनदा खोकली, तिसऱ्यांदा निळा धूर ओकून थरथरत चालू झाली. गोजरबाईने मडगार्डला हात लावून तो कपाळी लावला. गार वारा लागू नये म्हणून गहिनीनाथने जाळीवर गोणपाट बांधलं. साडेसहाला मंडळी निघाली.

वकील पुढे, गहिनीनाथशेजारी. मागे यज्ञेश्वर आणि गोजरबाई, मध्ये दफ्तर. उजाडू लागलं होतं. शेतांवर धुकं जमिनीला चिकटून पडलं होतं, त्यातून कुठे एखादी बाभळ वर डोकं काढून होती.

“अण्णा, गाडी पानी घ्याया थांबती म्हंजी किती येळ?”

“अर्धा तास.”

“अर्धा तास लई झाला,” गोजरबाई म्हणाली. “मला तं एकच बोलायचंय.”

थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं, “किती आलो?” गहिनीनाथने मान बाहेर काढून मैलाचा दगड वाचला. एकेक अक्षर लावत वाचायची त्याची पद्धत होती. “न-ग-र. नगर. छत्तीस मैल, आये.” मग चौतीस. मग बत्तीस. दगडावरची ती ठळक, सुटी अक्षरं तो वाचत होता आणि यज्ञेश्वर ऐकत होता. कसल्याशा विचाराने त्याला अस्वस्थ वाटू लागलं. विचार सापडेना. दात दुखायच्या आधी जबडा जड होतो, तसं काहीतरी.

अमरापूर मागे पडलं आणि वास आला. तवा रिकामा तापावा तसा.

“कशाचा रे?” वकील म्हणाले.

गहिनीनाथने उत्तर द्यायच्या आत इंजिनातून ठोके ऐकू आले, लोहाराने घाई करावी तसे. मग करकर, मग एक हिसका. मोटार जागच्या जागी उभी राहिली.

गहिनीनाथ उतरला. हँडल घातलं. दोन्ही पाय रोवून जोर केला. हँडल केसभरही हललं नाही. त्याने गोणपाट सोडलं, हाताला फडकं गुंडाळलं आणि तोंड बाजूला करून जाळीचं झाकण उघडलं. वाफ उसळेल म्हणून तो दोन पावलं मागे सरला. वाफ आली नाही. काहीच आलं नाही. त्याने बांधावरून कडब्याचं एक धाट आणून आत घातलं आणि बाहेर काढून पाहिलं. ते कोरडं होतं.

“पानी न्हाई,” तो म्हणाला. स्वतःशीच.

“पाणी नाही?” वकील कडाडले. “गाढवा, पाणी न घालता काढलीस गाडी?”

“भरलं हुतं, साहेब. काल सांजच्याला. तोंडोतोंड.”

“मग गेलं कुठे? पिऊन टाकलंस? पहाटे तपेलं मागवलंस ते कुठे घातलंस?”

“ते फडक्यावर वतलं, साहेब. पेट्रोलच्या नळीला फडकी गुंडाळली हुती, ती शेकाया.” तो धुळीत उताणा पडून खाली सरकला. तोटी तपासली. तोटी घट्ट होती. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा वेगळाच दिसत होता. “तोटी बी बंद हाय. भरलं न्हवतं का म्या? भरलं हुतं की… मला तं आठवतंय.”

दगडावरची सुटी अक्षरं. यज्ञेश्वरला आता तो विचार सापडला. त्याने चिठ्ठी मोडीत लिहिली होती.

घाईत हात त्या न उचलता लिहायच्या कचेरीच्या लिपीकडेच वळायचा. आणि गहिनीनाथला फक्त बाळबोध, म्हणजे छापील देवनागरी, वाचता यायची, मोडीचा गंधही नव्हता. वकिलांच्या पत्नीला, वैनीसाहेबांना, नगरहून काही आणायचं असलं की यज्ञेश्वरच मोडीत यादी लिही आणि चाकात खोचून ठेवी. गहिनीनाथ ती न वाचता खिशात घाली आणि नगरला वाण्याच्या हातात देई. तीन वर्षं हेच चाललं होतं. ‘पाहिलीस ना?’ यज्ञेश्वरने विचारलं होतं. ‘पायली,’ असं खरं उत्तर त्याला मिळालं होतं. वाचलीस का, असं त्याने विचारलंच नव्हतं.

“ते…” यज्ञेश्वरच्या तोंडून निघालं.

“तू गप्प बस, यज्ञेश्वर,” वकील त्याच्याकडे न पाहता म्हणाले. “तुला काय कळतं यातलं? दफ्तर सांभाळ.”

आणि यज्ञेश्वर गप्प बसला. दोन्ही हातांनी दफ्तर छातीशी धरून तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला. नंतर त्याला पुष्कळदा वाटलं की वकील तेव्हा ओरडले नसते तर आपण बोललो असतो. तितक्याच वेळा असंही वाटलं की नसतोच बोललो.

गोजरबाई मोटारीतून उतरली. “किती ऱ्हायलं?”

“तीस मैल, आये.”

तिने गाठोडं डोक्यावर घेतलं, नवी घोंगडी खांद्यावर टाकली आणि चालायला लागली. गहिनीनाथ मागे धावला, “आये, साडेनवाला कसं पोचशील?” ती थांबली नाही. “तू पानी बगितलं न्हाईस,” एवढंच म्हणाली. धुक्यात तिचं लुगडं दिसेनासं झालं, मग गाठोडं.

कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिसची मोटार तिथून जाऊ लागली तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. धापा टाकत, माणसांनी भरलेली. गहिनीनाथ बिघडलेल्या गाडीपाशी राहिला. वकिलांना आणि यज्ञेश्वरला कशीबशी जागा मिळाली. गोजरबाई तिसगावच्या अलीकडे दिसली. तिच्या पायात काही नव्हतं. वहाणा तुटल्या म्हणून तिने त्या हातात घेतल्या होत्या. सर्व्हिस थांबवून तिला आत घेतलं. करंजीच्या घाटात सर्व्हिस दोनदा थांबली, उतारूंनी उतरून ढकलली. वकील कोर्टाशी उतरले आणि, दिलदार माणूस, यज्ञेश्वरला म्हणाले, “तू जा हिच्याबरोबर.”

स्टेशनात कुणी नव्हतं. जिथे इंजिन पाणी घेतं तिथल्या सोंडेतून अजून थेंब गळत होते आणि खाली रुळांमध्ये डबकं साचलं होतं. झाडलोट करणारा एक हमाल म्हणाला, “पलटनीची? गेली की मघाच. एक पोरगं खिडकीतनं सारकं वरडत हुतं, शेवगावचं कुनी हाय का, शेवगावचं कुनी हाय का.”

गोजरबाई डबक्याकडे पाहत उभी राहिली. मग तिने गाठोडं सोडलं, तिळाच्या दोन वड्या हमालाला दिल्या आणि एक यज्ञेश्वरच्या हातावर ठेवली.

मोटार बैल जोडून शेवगावात आणली, तेव्हापासून ती छपराखाली बसली. वकिलांनी त्याच आठवड्यात गहिनीनाथला काढून टाकलं. यज्ञेश्वरने दोनदा त्याला पत्र लिहायला घेतलं. बाळबोधीत, ठळक, सुटं सुटं. दोन्ही वेळा फाडलं. ‘पुढच्या बाजारी भेटेल तेव्हा तोंडी सांगू’ असं ठरवून त्याने सहा महिने बाजारात जायचं टाळलं.

श्रावणात पलटणीचा इंग्रजी कागद आला. पोस्टमन नेहमीसारखा तो यज्ञेश्वरकडेच देऊन गेला. यज्ञेश्वरने तो पडवीत एकदा वाचला, मग छत्री घेऊन ओढा ओलांडून वस्तीवर गेला.

गोजरबाई भिंतीशी टेकून बसली होती. गहिनीनाथ दावं वळत होता. “या अण्णा,” तो म्हणाला. “लई दिसांनी.” त्याने घोंगडं पसरलं, पाण्याचा तांब्या ठेवला.

यज्ञेश्वरने कागद वाचला. जेवढं होतं तेवढंच मोठ्याने सांगितलं. सहादेव जूनच्या चार तारखेला ब्रह्मदेशाच्या हद्दीवर लढाईत पडला. पुढे दोन ओळी सरकारच्या दुःखाच्या होत्या, त्या त्याने सांगितल्या नाहीत.

मग गोजरबाईने विचारलं, “त्याला ठावं झालं आसंल का?”

“काय?”

“म्या निघाले हुते म्हनून. माघारी घ्याया.”

यज्ञेश्वरने कागदाची घडी घातली. “ह्यानं पानी बगितलं न्हाई,” ती म्हणाली. रागाने नाही. दिवसातून दहादा म्हणायची सवय झालेल्या आवाजात. गहिनीनाथने मान खाली घातली, दाव्याचा पीळ आणखी घट्ट केला.

मग काही आठवल्यासारखा उठून तो आत गेला आणि खुंटीवरचा खाकी कोट घेऊन आला. वरच्या खिशातून त्याने दुमडलेला कागद काढला.

“अण्णा, ही तुमची चिठ्ठी माज्यापाशीच ऱ्हायली. त्या दिवसाची. नगरच्या वान्याला द्यायची हुती, त्या गडबडीत ध्यान न्हाई ऱ्हायलं. वैनीसायबांचं सामान ऱ्हायलं आसंल.” तो खाली पाहत म्हणाला. “तेवडी माफी सांगा त्यास्नी.”

यज्ञेश्वरने चिठ्ठी हातात घेतली. घडीवर पेन्सिल पुसट झाली होती, पण अक्षर स्पष्ट होतं. त्याचं अक्षर चांगलं होतं, सगळे म्हणत. त्या वस्तीवर मोडी येणारा दुसरा कुणी नव्हता. चिठ्ठी खिशात घालायची, ‘सांगतो’ म्हणायचं आणि उठायचं, एवढंच बाकी होतं. त्याचा हात खिशाकडे गेलासुद्धा.

“गहिनीनाथ, ही यादी नाही,” तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. “वाचतो. ‘मोटारीतील पाणी काढून ठेविले आहे. नवे भरल्याखेरीज सुरू करू नये. थंडीने जाळी फुटू नये म्हणोन केले.’ खाली य आहे. मी.”

गहिनीनाथ पाहत राहिला. चिठ्ठीकडे, मग यज्ञेश्वरच्या तोंडाकडे. हातातलं दावं आपोआप उलगडत गेलं.

“भरलं हुतं म्या,” तो अगदी हळू म्हणाला.

“हो. भरलं होतंस.”

बाहेर झडीचा पाऊस पुन्हा सुरू झाला. गहिनीनाथने हात पुढे केला, चिठ्ठी घेतली आणि त्या जोडलेल्या, वळणावळणाच्या ओळींवरून बोट फिरवत काही लागतं का ते पाहिलं. काही लागलं नाही.

“बाळबोधीत लिवायचं हुतं,” तो म्हणाला.

“काय लिवलंय रं?” गोजरबाईने भिंतीशी बसल्या बसल्या विचारलं. तिला अलीकडे कमी ऐकू येई.

गहिनीनाथ आईकडे वळला. त्याचं तोंड उघडलं. यज्ञेश्वरला भीती वाटत होती, आणि गहिनीनाथ खरं सांगेल अशी आशाही वाटत होती.

“काय न्हाई, आये,” गहिनीनाथ मोठ्याने म्हणाला. “सामानाची यादी हाय. कारकुनांची. चुकून माज्याकडं ऱ्हायली हुती.”

त्याने चिठ्ठीची होती तशीच घडी घातली आणि यज्ञेश्वरच्या हातात दिली. छत्री उचलून दाराशी उभी केली.

“निघा आता, कारकून,” तो म्हणाला. “वढ्याला पानी यील.”